हार्ड डिस्क 'कॉशन' दाखवतेय, आधी बॅकअप की आधी दुरुस्ती?

मुरांबा
नमस्कार मंडळी. बाबांच्या डेस्कटॉपबद्दल सल्ला हवाय. ते साताऱ्याला, मी पुण्यात. मशीन हल्ली मधेच गोठतं, माउस फिरतो पण क्लिक केलं की बराच वेळ ढिम्म, मग एकदम सगळी क्लिकं एकामागोमाग लागू पडतात. लांबूनच क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर निळ्याच्या जागी पिवळा चौकोन आणि 'कॉशन'. ०५ समोर शून्य, सी५ समोर ८, सी६ समोरही ८. चालू तास तीस हजारांच्या वर. डिस्क १ टीबीची, जुनी फिरती, विंडोज १०.

तिथला दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो, होईल ओके. बाबांचा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. डिस्कवर घरचे सगळे फोटो आणि मुख्य म्हणजे बाबांनी रिटायर झाल्यापासून लिहीत आणलेला आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. बॅकअप आहे का विचारलं तर म्हणाले "आहे की, डी ड्राइव्हमधे पण ठेवलाय". सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग आहेत हे मी अजून सांगितलेलं नाही.

तर प्रश्न दोन. डिस्क खरंच जाणार आहे का, आणि घरच्या मशीनचा बॅकअप बाबांना झेपेल असा कसा लावायचा?

तांबडा_पांढरा
फॉरमॅट मारू देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतीलच.

पिंपळपार
माझ्या डिस्कला कित्येक वर्षं पिवळं दाखवतंय, झकास चालू आहे. ही सॉफ्टवेअरं घाबरवायलाच असतात.

रात्रपाळी
पिंपळपार, तुमच्या डिस्कला दीर्घायुष्य लाभो, पण धागाकर्तीला हा सल्ला नको.

मुरांबा, सी५ म्हणजे 'करंट पेंडिंग सेक्टर' (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा कप्पा). डिस्कने एक जागा वाचायला घेतली, वाचता आली नाही, म्हणून ती संशयित यादीत टाकली. पुढे कधी त्या जागी काही लिहायची वेळ आली की डिस्क ठरवते, जागा बरी निघाली तर यादीतून नाव काढते, नाहीतर राखीव सेक्टर तिच्या जागी लावते आणि मग ०५ चा आकडा वाढतो. तुमचा आकडा नेमका ८ आहे कारण आताच्या बहुतेक डिस्कवर खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ चे आठ म्हणून दाखवला जातो. म्हणजे बहुधा एकच जागा बिघडलीय, आज तरी. मशीन गोठतं तेही यामुळेच, डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते आणि विंडोज तिच्या तोंडाकडे बघत बसतं.

आता दुकानदाराचं 'ओके'. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमधे पूर्ण फॉरमॅट केलं की सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. त्यात पेंडिंग सेक्टर निकालात निघतात, सी५ शून्य होतो आणि क्रिस्टलडिस्कइन्फो कधीकधी परत निळंही होतं. दुकानदार म्हणणार बघा, झाली दुरुस्त. कुलवृत्तांत तोवर गेलेला.

तसंच विंडोजची डिस्क-तपासणी 'चेकडिस्क' आर पर्याय लावून आत्ता चालवू नका. ते अख्खी डिस्क घासून काढतं, आजारी डिस्क त्यातच मान टाकू शकते, आणि त्याचं काम फाइल सिस्टिम सरळ करणं आहे, तुमच्या फाइली वाचवणं नाही. आधी कॉपी, मग तपासणी. क्रम उलटा नको.

मुरांबा
खूप धन्यवाद रात्रपाळी. बाबांना फोन करून मशीन बंद करायला सांगितलं. "बंदच आहे, स्क्रीनचं बटण दाबलंय" म्हणाले :)

ढवळ्या
हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे पण सीपीयू म्हणजे 'खालचा डबा'.

लोकलकर
एक उपप्रश्न, माझ्याकडे सी७ चा आकडा वाढलाय, बाकी सगळं शून्य. डिस्क बदलावी का?

रात्रपाळी
सी७ म्हणजे सीआरसी एरर, डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेत डेटा खराब होतोय. दहातल्या नऊ वेळा साटा केबल. काढून दुसरी लावा, नंतर आकडा वाढायचा थांबला तर विषय संपला. तो परत शून्य होत नाही, त्यामुळे आकडा किती यापेक्षा वाढतोय का ते बघा. आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमधे रॉ व्हॅल्यू मुळात हेक्समधे दिसतात हे लक्षात ठेवा, १० दिसलं तर ते सोळा असतात. फंक्शनमधे ॲडव्हान्स्ड फीचरमधे जाऊन दशमान करून घ्या. मुरांबांचं ८ दोन्हीकडे ८च.

पिंपळपार
बरं, मग मला समजवा. पिवळं असून माझी डिस्क चालते आणि आमच्या साडूंची निळी असताना एका सकाळी गेली, टक टक टक आवाज आणि खेळ खल्लास. मग या स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे जे आकडे देते त्यांचा, उपयोग काय?

सूक्ष्मदर्शक
पिंपळपार यांचा प्रश्न रास्त आहे. गूगलने २००७ साली स्वतःच्या लाखभर डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात निघालेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिली, स्कॅन करताना एरर सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता एरर नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट. दुसरी, ज्या डिस्क गेल्या त्यातल्या ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी तापमान सोडून बाकी कुठल्याच स्मार्ट आकड्यात आधी काही दाखवलं नव्हतं. म्हणजे पिवळं दिसलं तर ते गंभीरपणे घ्यायचं, पण निळं दिसलं म्हणून निर्धास्त राहायचं नाही. साडूंची डिस्क त्या ३६ टक्क्यांतली.

पिंपळपार
म्हणजे पिवळं असो की निळं, पैसे आम्हीच मोजायचे. ठीक आहे, घेतो एक एक्स्टर्नल.

ढवळ्या
टक टक आवाज येत असेल तर डिस्क प्लास्टिकमधे गुंडाळून रात्रभर फ्रीजरमधे ठेवा, सकाळी चालते. एका मित्राने केलंय.

रात्रपाळी
ढवळ्या, कृपा करून हे इथे लिहू नका, कोणीतरी खरंच करेल. बाहेर काढली की आत दव धरतं, आणि वाचणारं हेड प्लॅटरपासून, म्हणजे आतल्या फिरत्या तबकडीपासून, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. टक टक येतोय म्हणजे हेड गेलं असणार, तिथे चालू-बंदचे प्रयोगसुद्धा करू नयेत. डेटा खरंच मोलाचा असेल तर सरळ क्लीन रूम असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे. बिल बघून घाम फुटेल ती गोष्ट वेगळी.

तिरफळ
आमच्या फ्रीजरात बांगड्यांनाच जागा नाही.

रत्नागिरीहून लिहितेय, इकडचा वेगळाच वैताग. पावसाळ्यात लाइट येते-जाते, येताना व्होल्टेज असं येतं की ट्यूब उजळून निघते. आमच्याकडे इन्व्हर्टर होता म्हणून यूपीएस घेतला नव्हता. कॉम्प्युटरवाल्या पोराने समजावलं की साधा इन्व्हर्टर बदली व्हायला जो क्षण घेतो तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडू शकतो, आणि नेमकी तेव्हाच डिस्क लिहीत असेल तर फाइल अर्धवट. आता इन्व्हर्टरच्या पुढे छोटा यूपीएस आहे. वीज कडाडायला लागली की मात्र सगळी वायर भिंतीतून बाहेर, ब्रॉडबँडचीसुद्धा.

नाशिकची_द्राक्षं
मी सीए आहे, त्यामुळे माझ्याकडे क्लायंटच्या टॅलीच्या कहाण्या भरपूर. एकाने अगदी शहाण्यासारखी एक्स्टर्नल डिस्क घेतली, रोज रात्री आपोआप बॅकअप, डिस्क कायम यूएसबीला लावलेली. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं, त्याने मशीनमधलं सगळं एन्क्रिप्ट केलं आणि त्याच दमात बॅकअपच्या डिस्कवरचंही. त्याला ती नुसती आणखी एक ड्राइव्ह दिसते हो. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, बॅकअप झाला की वायर काढा आणि डिस्क कपाटात. आणि शक्यतो दोन, आलटून पालटून.

अवांतर: वर्ल्ड बॅकअप डे ३१ मार्चला असतो. ज्याने ही तारीख काढली त्याला भारतात एकही सीए माहीत नसणार.

हळदीचं_पेव
+१, पण कपाट कुठे आहे तेही बघा.

मी सांगलीचा. मामांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, अहवाल, देवस्थानांच्या स्मरणिका, गेल्या कित्येक वर्षांच्या पेजमेकरच्या (छपाईची पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या) फाइली. बॅकअपच्या बाबतीत मामा काटेकोर, दर शनिवारी कॉपी, डिस्कवर चिठ्ठी चिकटवून तारीख. ती डिस्क टेबलाच्या खालच्या खणात, आणि टेबल तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९ ला पाणी आलं ते छताच्या दोन फूट खाली थांबलं. उतरल्यावर खण उघडला तर तो फुगून बसलेला, कटावणी लावून काढला, आत डिस्कच्या भोवती गाळ घट्ट बसला होता आणि चिठ्ठीवरची शाई गाळात उतरली होती.

मामा ती पुसून उन्हात ठेवणार होते, भाच्याने अडवलं. फिरत्या डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, शेजारी लिहिलेलंही असतं की हे झाकू नका. बुडाली की त्यातून पाणी आत जातं. वाळवली तर गाळ प्लॅटरवर पक्का बसतो, आणि चालू केली तर हेड त्याच गाळावर फिरतं. तशीच ओलसर, बंद पिशवीत घालून पाठवायची असते. पाठवली, अर्ध्याहून थोडं जास्त परत मिळालं. आता एक डिस्क मामांकडे आणि एक मिरजेला मावशीकडे, माळ्यावर. सणावाराला जाणं होतंच, तेव्हा अदलाबदल.

एडिसनकर
भारी प्रतिसाद. पण मावशीचा माळा म्हणजे क्लाउडच की. बाबांना वनड्राइव्ह नाहीतर गूगल ड्राइव्ह लावून द्या, डॉक्युमेंट्स फोल्डर आपोआप वर जाईल, मी इथे न्यू जर्सीत बसून आईचं मशीन तसंच सांभाळतो. काही करावं लागत नाही.

सूक्ष्मदर्शक
एडिसनकर, अर्धं बरोबर. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. बाबांनी चुकून फोल्डर उडवलं की ते वरूनही उडतं. कचरापेटीत महिनाभर राहतं, पण महिन्यात कोणाच्या लक्षात आलं नाही तर संपलं, आणि कुलवृत्तांताचं जुनं प्रकरण कोण दर महिन्याला उघडून बघणार? शिवाय गूगलचे फुकट १५ जीबी म्हणजे ईमेल, फोटो, ड्राइव्ह सगळं मिळून, वनड्राइव्हचे ५. लिखाणाला ते पुरून उरतं, फोटोंना नाही. म्हणून लिखाण क्लाउडवर पण आणि डिस्कवर पण, फोटो दोन डिस्कवर. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा जो ३-२-१ चा नियम सगळीकडे सांगतात तो पीटर क्रोघ नावाच्या फोटोग्राफरने रूढ केला, त्याचंही दुखणं फोटोंचंच.

आणि क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याची खोली. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइलींचा ८५८ टीबीचा साठा जळून गेला. साठा फार मोठा म्हणून त्याचा बाहेर बॅकअपच ठेवलेला नव्हता.

पेंग्विन_पाटील
मुळात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. लिनक्स टाका, सगळे प्रश्न मिटतील.

तांबडा_पांढरा
आले.

ढवळ्या
डिस्क खराब आहे हो पाटील, लिनक्स काय डिस्कला मलम लावतं का?

पेंग्विन_पाटील
हसा. पण रेस्क्यूसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे बिघडल्या डिस्कवरून डेटा उचलणारं सॉफ्टवेअर लिनक्सवरच सुखाने चालतं. ते आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतं, अडलेली जागा नोंदवून पुढे जातं आणि शेवटी त्या जागांकडे वळतं. नोंदीची फाइल असल्यामुळे मधे लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे. पेनड्राइव्हवरून लिनक्स बूट करा, जुनी डिस्क माउंट न करता (म्हणजे फाइली उघडण्यासाठी न जोडता) तिची प्रतिमा नव्या डिस्कवर घ्या. विंडोज पुसायची पण गरज नाही.

रात्रपाळी
इथे पाटलांशी सहमत, शंभर टक्के. पण एकच जागा बिघडलेली असताना मुरांबांना एवढ्या खोलात जायची बहुधा गरज पडणार नाही. नवी डिस्क लावा, आधी सगळ्यात छोटं आणि सगळ्यात महत्त्वाचं उचला, म्हणजे लिखाण, मग फोटो, व्हिडिओ शेवटी. विंडोजची रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरणार असाल तर आर (किती वेळा प्रयत्न) आणि डब्ल्यू (मधे किती थांबायचं) दोन्हीला एक-एक द्या. न दिल्यास ते अडलेल्या फाइलवर दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी तीस सेकंद थांबतं, हा विनोद नाही, खरंच मूळ सेटिंग तेच आहे. आणि एमआयआर हा पर्याय अजिबात नको, मूळ ठिकाणी जे नाही ते नव्या ठिकाणचंही उडवतं.

हळदीचं_पेव
मुरांबा, एक राहिलं. कुलवृत्तांत कशात टाइप केलाय? युनिकोडमधे (कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या आताच्या मराठीत) की जुन्या फॉन्टात?

मुरांबा
पेजमेकर. फॉन्ट श्रीलिपीचा असावा, बाबा फक्त "मराठी फॉन्ट" म्हणतात.

हळदीचं_पेव
मग फाइली वाचवून भागणार नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट नसला की नव्या मशीनवर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, टक्के, डॉलर. पुराच्या वेळी मामांच्या ज्या फाइली परत मिळाल्या त्यांचं पहिल्यांदा हेच झालं, मामांना वाटलं फाइलच खराब झाली. तेव्हा फॉन्टचं फोल्डर कॉपी करा, पेजमेकरचा सेटअप असेल तर तो, आणि श्रीलिपीचं यूएसबी लॉक असेल तर ते एका डबीत जपून. सगळ्यात महत्त्वाचं, जुनं मशीन चालू आहे तोवरच प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ काढून ठेवा, फॉन्ट आत बसवून. पुढे युनिकोडमधे करायचं तेव्हा करा, कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं तपासायला माणूस लागतोच.

तिरफळ
हा प्रतिसाद वेगळा धागा काढून टाका. वाचनखूण साठवली.

पिंपळपार
आणि पीडीएफ केलीच आहे तर छापा. कागदाला लाइट लागत नाही. नाहीतरी फोटो तरी परत कोण बघतंय, आमच्या डिस्कवर निम्मे फोटो सूनबाईंनी केलेल्या वांग्याच्या भरीताचे आहेत.

नाशिकची_द्राक्षं
काका, भरीत चांगलं असेल हो.

एडिसनकर
नवी डिस्क एसएसडी घ्यावी की फिरती?

सूक्ष्मदर्शक
मशीनमधे एसएसडी, कपाटात फिरती. एसएसडीवर विंडोज पळेल, पण ती जाते तेव्हा बरेचदा आवाज न करता जाते, आणि ट्रिममुळे (उडवलेल्या फाइलची जागा एसएसडी स्वतःच साफ करते) उडवलेली फाइल परत मिळण्याची आशा जवळपास नाही. वीज न लावता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायलाही ती योग्य नाही. हो, आणि १ टीबी घेतल्यावर ९३१ जीबी दिसले तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

आणि नवीन विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट लावलंत तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालीय का ते बघा, अकरामधे बऱ्याच मशीनवर होते. तिची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर उद्या बोर्ड गेला तर धडधाकट डिस्कसुद्धा उघडणार नाही.

मुरांबा
अपडेट. शनिवारी साताऱ्याला जाऊन आले. लिखाण सगळं आलं, फॉन्टसकट. फोटोही. लहान भावाच्या मुंजीचा एक व्हिडिओ अडला, तो पुन्हा पुन्हा करूनही येईना, पण त्याची सीडी मामाकडे आहे. कॉपी संपल्यावर परत बघितलं तर सी५ आठवरून चाळीसवर गेला होता. दुकानदाराला ते दाखवलं, तो म्हणाला "फॉरमॅट मारला असता तर गेला असता". बरं.

आता नवीन अडचण. कुलवृत्तांताच्या फाइली बघा: 'अंतिम', 'अंतिम २', 'अंतिम दुरुस्त', 'अंतिम आबांनी तपासलेला', आणि डी ड्राइव्हमधे परत यातल्या तीन. बाबांनाच आठवत नाही शेवटची कुठली. तारखा बघितल्या तर सगळ्या परवाच्या.

रात्रपाळी
तुम्ही 'क्रिएटेड' बघताय. कॉपी केली की ती आजची होते. 'मॉडिफाइड'चा रकाना लावा, ती कॉपीत टिकते. फक्त बाबांना सांगा की उघडून बघा पण सेव्हला हात लावू नका.

आणि एक काम राहिलंय. बॅकअपच्या डिस्कवरची एक फाइल दुसऱ्या मशीनवर, तुमच्या पुण्याच्या लॅपटॉपवर, उघडून बघा. गिटलॅबसारख्या सॉफ्टवेअर कंपनीत जानेवारी २०१७ च्या शेवटी डेटाबेस चुकून उडवला गेला तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या आणि त्यांनीच लिहिलं की एकही धड चालत नव्हती.

मुरांबा
उघडली. पीडीएफ व्यवस्थित. पेजमेकरची फाइल लॅपटॉपवर उघडत नाही, पेजमेकरच नाही. मॉडिफाइडप्रमाणे 'अंतिम आबांनी तपासलेला' सगळ्यात नवी निघाली, बाबा म्हणतात शक्यच नाही, आबांनी फक्त आडनावाच्या स्पेलिंगवर वाद घातला होता.

बाबांसाठी शेवटी हे ठरलं: लिखाणाचं फोल्डर वनड्राइव्हवर, आणि महिन्यातून एकदा अमावस्येला एक्स्टर्नल लावून फ्रीफाइलसिंक या कॉपीच्या सॉफ्टवेअरचं एकच बटण, उडवलेलं जुन्या प्रतींच्या फोल्डरात जाईल असं सेटिंग करून. अमावस्या त्यांनीच निवडली, कॅलेंडरवर काळं ठळक दिसतं म्हणून. दुसरी डिस्क माझ्याकडे पुण्यात.

हळदीचं_पेव
अमावस्या झकास. मामांना सांगतो.

लोकलकर
केबल बदलली. सी७ तिथेच थांबलाय. रात्रपाळी, दंडवत.

पिंपळपार
मुरांबा, ती जुनी डिस्क काय करणार? भंगारात देणार असाल तर नुसतं डिलीट करून देऊ नका, आधारकार्डं, बँकेची पासबुकं सगळी स्कॅन करून ठेवलेली असतात.

मुरांबा
बाबा म्हणतात सिनेमे ठेवायला वापरू.

रात्रपाळी
चाळीसवर गेलेली डिस्क? सिनेमेसुद्धा नकोत. ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा, प्लॅटरच्या आरपार. डोळ्यांना चष्मा लावा, काही प्लॅटर काचेचे असतात.

ढवळ्या
आतले लोहचुंबक काढून ठेवा, फ्रीजवर किराण्याची यादी लावायला एक नंबर. बोट मधे सापडू देऊ नका फक्त.